विहिरीत सोडायचा दिवा

१२ ऑक्टोबर १९९९, मंगळवार

दादा भाजला. साइटवरच्या विहिरीत जाळ झाला, त्यात.

यांचा फोन क्लिनिकवर आला तेव्हा मी एका मुलाच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते. पट्टी पूर्ण बांधली, चिकटपट्टी लावली, त्याच्या आईला पुन्हा कधी यायचं ते सांगितलं. मग पर्स घेतली.

अंगावर युनिफॉर्म होता म्हणून वॉर्डात सोडलं. छाती, पोट, दोन्ही हात, मान हनुवटीपर्यंत. चेहरा उद्या सुजेल. डोळे वाचलेत. मी हे केसपेपर भरावा तसं लिहितेय. दुसरं काही लिहिता येत नाहीये.

शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "बाये, ड्युटी सोडून इलंस?" मग म्हणाला, "तोंडाक काय झाला नाय मां? आवस वळकात मां माका?" मी म्हटलं, आई ओळखेल.

१३ ऑक्टोबर

यांनी काल घरी आल्यावर सगळं सांगितलं. एकदाच. पुन्हा सांगणार नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

साइट म्हणजे जुना कचऱ्याचा खड्डा. आधी तिथली वाळू काढली, घरं बांधायला. मग त्या खड्ड्यात वर्षानुवर्षं कुवेत शहराचा कचरा टाकला. इराक्यांनी जाताना जे जे मोडून ठेवलं तेही त्यातच. वर माती टाकली आणि शेजारी परत घरं बांधली! आता त्या घरांच्या तळघरांत गॅस येतो. तो बाहेर काढायला यांची कंपनी खड्ड्यात विहिरी घालते. सिमेंटच्या रिंगा उतरवायला विहिरीवरचा माणूस हवा होता, म्हणून दोन वर्षांपूर्वी यांनी दादाला आणलं. साइटवर हे सुपरवायझर. तिथे दादा यांना साहेब म्हणायचा आणि हे त्याला नुसतं लवू. घरात लवूदादा.

गॅस मोजायचा मीटर महिनाभर बंद आहे. यांनी ऑफिसला सांगितलं. येतोय, येतोय. आणि काम थांबवायचं नाही! मग दादाने आमची रीत काढली. गावाकडे जुन्या विहिरीत उतरायच्या आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडतात. विझला तर खाली हवा नाही, उतरायचं नाही. बाबा विहिरी बांधायचे, त्यांच्याकडून दादाकडे आली. "दिवो जगलो तर माणूस जगतलो," असं बाबा म्हणायचे. इथे दादाने निडो दूध पावडरच्या डब्यात वात घालून दिवा केला. दोन विहिरींत तो विझला. कोणी उतरलं नाही, म्हणून वाचले. त्या दिवशी घरी येऊन यांनी काय कौतुक केलं होतं! कोकणी मीटर, बॅटरी लागत नाही, म्हणाले. मीसुद्धा हसले होते.

काल नव्या विहिरीतला पंप अडकला. हेच म्हणाले, लवू, दिवा सोड. दादाने सोडला.

आमच्या विहिरीतला वायू दिवा विझवतो. कचऱ्याच्या विहिरीतला पेट घेतो. तिथे दोन्ही असतात म्हणे, कुठे हा जास्त, कुठे तो. हे डिप्लोमा झालेले. मी विचारलं, ठाऊक नव्हतं? म्हणाले, "ठाऊक होतं गं. पण दोनदा विझला ना... डोक्यातूनच गेलं."

दादाला जाळातून ओढून बाहेर काढला तो यांनीच. उजवा तळहात फोडांनी भरलाय. विहिरीचं लोखंडी झाकण उडून पलीकडच्या घराच्या कुंपणावर पडलं. तिथे कोणी नव्हतं.

यांच्या हाताला मलम लावून पट्टी बांधली. सफाईने बांधली.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवारी दादा जलीबच्या खोलीवरून बसने यायचा, हातात ताज्या बांगड्यांची पिशवी. आमच्या महबूला भागातल्या मासळीवाल्यावर त्याचा विश्वास नव्हता. आज आम्ही अंडी केली.

मला यांचा राग येत नाही. यावा म्हणून वाट बघतेय. सर्दीत वास येत नाही तसं काहीतरी झालंय.

१९ ऑक्टोबर

चेहरा सुजला. ओठ केळ्याएवढे. तरी मान हलवून विचारतो, आमची तेजस्वी शाळेत गेली का.

क्लिनिकमध्ये एक म्हाताऱ्या कुवेती बाई येतात, डोकेदुखीसाठी. आज पत्ता बघितला, त्या खड्ड्याच्याच बाजूचा. माझं मोडकं अरबी आणि त्यांचे हातवारे. म्हणाल्या, घरात वास येतो म्हणून दिवसातून दोनदा बखूर जाळते. निखाऱ्यावरचा धूप! तळघरातही फिरवते म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, तळघरात विस्तव नेऊ नका. हसल्या. पन्नास वर्षं जाळतेय, म्हणाल्या.

त्यांचं बरोबर, आमचं बरोबर, सगळ्यांचं बरोबर.

२३ ऑक्टोबर

दादाचं सामान आणायला जलीबला गेले. रफीकभाई घेऊन गेले पिकअपमधून. ते दापोलीकडचे, कंपनीची गाडी चालवतात, त्या दिवशी विहिरीपाशीच उभे होते. वाटेत दोनदा घसा खाकरला, मग रेडिओ लावला.

खोलीत आठ खाटा. दादाच्या खाटेखाली पत्र्याची ट्रंक, वर आईच्या हातची लोणच्याची बरणी, तळाला बोटभर उरलेलं. खोलीतल्या माणसांनी खाट तशीच ठेवलीय, कोणाला झोपू दिलं नाही. एकाने चहा आणला. प्यायले. गोड होता.

आईला अजून "हाताला थोडं भाजलंय" एवढंच कळवलंय. दादाच म्हणाला तसं.

२६ ऑक्टोबर

काही नाही. ड्युटी, वॉर्ड, घर.

२ नोव्हेंबर, मंगळवार

मंदूब घरी आला होता, म्हणजे कंपनीचा कागदपत्रांचा माणूस. घरी कधी येत नाही. चहा घेतला, तेजस्वीला चॉकलेट दिलं. हे आणि तो हॉलमध्ये, मी स्वयंपाकघरात. सगळं ऐकू येत होतं. त्यांना ते हवंच असावं.

तो गेल्यावर हे आत आले. चौकशी लागलीय. विस्तव बंदीच्या जागी विस्तव कोणी आणला, एवढंच विचारतात. दादाने लिहून द्यायचं—कुणाला न विचारता मी दिवा सोडला. की विषय मिटला. बरा झाला की विमानात बसवणार. "त्याला तसंही आता इथे काम होणार नाही. तो मोकळा, आपण मोकळे. माझं नाव आलं तर जेल आहे विशाखा. तेजस्वीची शाळा, हे घर... सगळं गेलं."

मी म्हटलं, मीटरचं? म्हणाले, मीटरचं कोणी विचारत नाहीये.

मग म्हणाले, "तू सांग त्याला. तुझं ऐकेल."

मी कणीक मळत होते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. आमच्या घरात विहिरींचं कोणाला भय नव्हतं. त्यांच्यावरच जेवलो आम्ही.

४ नोव्हेंबर

सांगितलं नाही. वॉर्डात गेले आणि त्याची नखं कापून आले. पायाची. हाताला पट्ट्या आहेत.

७ नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. खालच्या मजल्यावर गुजराती मंडळींनी दाराबाहेर पणत्या लावल्यात. तेजस्वीने विचारलं, "व्हाय आर वी नॉट लाइटिंग?" यांनी तिला कंदिलाच्या विजेच्या माळा आणून दिल्या. त्या लुकलुकतात. पूजा झाली. हात जोडले, मागायला काही सुचलं नाही.

१० नोव्हेंबर, बुधवार

भाऊबीज.

ताट घेऊन गेले. सुपारी, अंगठी, अक्षता, करंज्या. निरांजनही ठेवलं होतं, सवयीने. मलयाळी सिस्टरने ताट बघितलं आणि ऑक्सिजनच्या नळीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, माहीत आहे सिस्टर, पेटवणार नाही. मीही नर्स आहे. वात सुकीच ठेवून ओवाळला. अंगठी आणि सुपारी फिरवली. कपाळ तेवढं चांगलं आहे त्याचं, कुंकू लावता आलं.

करंजी भरवली. कशी झालीय विचारलं तर म्हणाला, "गोड कमी." नेहमी हेच म्हणतो!

मग म्हणाला, "ओवाळणी काय देव तुका? हात बांधलेले."

असू दे रे.

"नाय नाय, देतंय. शैलेशराव येवन गेले काल." म्हणजे हे माझ्या आधीच जाऊन आले होते. मला बोलले नाहीत. "त्या कागदावर अंगठो देतंय मी. माझा काय, बरो झालंय की गावाक जातलंय. तुमचो संसार हय आसा. ही ओवाळणी समज."

मी म्हटलं, दादा, दिवा सोड म्हणून तुला सांगितलं कोणी?

"सोडलो कोणी? मीच मां? मग खोटा काय त्यात?" मग म्हणाला, "बाबांची रीत चुकीची नाय हां बाये. जागा चुकली."

मी नको म्हटलं नाही. लिहून ठेवते, कारण उद्या मला वाटेल की म्हटलं होतं. भाऊबीजेला भावाने घातलेली ओवाळणी परत करत नाहीत, एवढंच डोक्यात होतं. ताट आवरून घरी आले.

११ नोव्हेंबर

अंगठा घेतला. हातांना पट्ट्या, म्हणून पायाचा. मंदूबने शाई कापसाने पुसूनसुद्धा दिली. फार सौजन्य.

२० नोव्हेंबर, शनिवार

मांडीची कातडी काढून हाताला लावली. धरली तर बोटं मिटतील, नाहीतर नाही. रिंगा उतरवणारा हात आता पाण्याचा पेला धरू शकला तरी पुष्कळ.

तेजस्वी रात्रीची दप्तर भरत होती. एकदम म्हणाली, "बाबा सेड, मामा डिडन्ट आस्क एनीवन. ही शुड हॅव आस्क्ड, ना?"

मी तिला म्हटलं, पेन्सिलीला टोक कर.

आठ वर्षांच्या पोरीलासुद्धा तेच सांगून ठेवलंय. कागदावर एक ठीक. घरात कशाला?

२८ नोव्हेंबर, रविवार

झाकण ज्याच्या कुंपणावर पडलं त्या घरमालकाने केस केलीय. त्याचंही चुकलं नाही. त्याची नातवंडं रोज त्या कुंपणापाशी खेळतात. त्या दिवशी शाळेत होती, एवढंच.

केस कोणावर? कागदावर एकच नाव आहे. दादाला देश सोडायची बंदी. मंदूबला फोन केला तर म्हणाला, हे पोलिसांचं काम, कंपनी काय करणार. त्याने इन्शाल्ला असं म्हटलं की मी फोन ठेवला.

यांना विचारलं. तुम्ही म्हणालात विमानात बसवणार. हे म्हणाले, "मलाही तसंच सांगितलं होतं." खरं असेल. यांनाही फसवलं असेल. हाताची पट्टी निघालीय यांची, नवीन कातडी गुलाबी आलीय.

५ डिसेंबर, रविवार

बुधवारी डिस्चार्ज दिला आणि वॉर्डाच्या दारातूनच मखफरला नेलं. पोलीस ठाण्यात! मी कपडे घेऊन गेले होते, नवा सदरा, पुढून बटणांचा, म्हणजे हात वर करावे लागू नयेत. तो त्यांनी घालू दिला. एक पोलीस तर बिचारा बटणं लावायला पुढे आला.

आज दुपारी मखफरमध्ये भेटू दिलं, पाच माणसांसमोर. हात पुढे धरून बसला होता, पिळलेलं फडकं धरावं तसे. म्हणाला, "हय जेवण बरा देतत. तू येव नको. लोक बगतत." ड्रेसिंग कोण बदलतं विचारलं. त्याने हात मागे घेतले. पट्टीला वास येत होता. तो वास मला ओळखता येतो, वीस वर्षं माझं कामच ते आहे.

बाहेर रफीकभाई पिकअपमध्ये बसले होते. आज मात्र बोलले. "ताई, मी तिथंच होतो. साहेब काय बोलले ते कानांनी ऐकलं. मीटर कधीपासून बंद तेही मला माहीत. पण माझ्या व्हिसाचे, अकाम्याचे कागद मंदूबच्या टेबलावर पडलेत. तोंड उघडलं की खल्लास. चार पोरं आहेत." मी म्हटलं, रफीकभाई, तुम्हाला कोणी सांगितलं तोंड उघडायला? गाडी चालवा.

घरी येऊन यांना सांगितलं—पट्टीत पू होतोय, हात जाईल. हे पेपर वाचत होते. म्हणाले, "दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. मग सोडतातच."

आला. राग आला. स्वयंपाकघरात फरशीवर बसून राहिले, गॅसच्या सिलिंडरला टेकून. आठ आठवडे कुठे होता कोण जाणे.

आणि दुसरंही लिहिते, कारण तेही खरं आहे. या माणसाने जाळात हात घातला होता. कोणी सांगितलं नव्हतं. दादा जिवंत आहे तो यांच्यामुळे. हे वाईट नाहीत. घाबरलेत. घाबरलेल्या माणसाबरोबर दहा वर्षं चांगली गेली आणि मला पत्ताही नव्हता, कारण घाबरायचं काही कारणच आलं नव्हतं.

९ डिसेंबर

रमझान सुरू. क्लिनिकच्या वेळा बदलल्या. म्हाताऱ्या बाई आल्या नाहीत. मुलाकडे राहायला गेल्या म्हणे, खड्ड्यापासून लांब.

११ डिसेंबर

यांना पुन्हा एकदा म्हटलं. तुम्ही स्वतः जाऊन सांगा. मीटर बंद होता, कंपनीला कळवलं होतं, काम थांबवू दिलं नाही, म्हणून दिवा. तुमच्या एकट्यावर येणार नाही. मी सोबत येते.

हे म्हणाले, "लवूदादाने स्वतःहून दिलंय ना? मग?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी ताटं उचलली.

१३ डिसेंबर, सोमवार

अर्धा दिवस सुट्टी घेतली. युनिफॉर्म बदलला नाही, मुद्दाम. रमझानमुळे सगळी ऑफिसं लवकर बंद होतात, म्हणून टॅक्सी केली. चौकशीच्या ऑफिसात बाकावर पुष्कळ वेळ बसावं लागलं. अरबी बोलताना अडखळले तर तो अधिकारी थांबायचा, शब्द सुचवायचा. दोनदा विचारलं त्याने मला, तुला कळतंय ना तू काय सांगते आहेस? मी म्हटलं, हो.

काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. ही वही कपाटात असते आणि कपाटाला कुलूप नाही.

घरी येताना तेजस्वीसाठी वह्यांची कव्हरं घेतली.

१५ डिसेंबर

दादाला परत वॉर्डात आणलंय. हात साफ केला. डावी करंगळी गेली, बाकी राहील म्हणतात. कागदावरून त्याचं नाव अजून निघालेलं नाही.

१७ डिसेंबर, शुक्रवार

काल यांना मखफरला बोलावून दिवसभर बसवून ठेवलं. मॅनेजरलाही. संध्याकाळी सोडलं, पासपोर्ट ठेवून घेतला. उद्या परत जायचंय.

आज जेवताना म्हणाले, "रफीकनेच तोंड उघडलं. दुसरं कोण होतं तिथे? उद्याच त्याला गावी पाठवायला लावतो."

मी म्हटलं, रफीकभाईंचं नाव घेऊ नका. मी सांगितलं.

तेजस्वीने आणखी भात मागितला. तिला वाढला. मग यांनाही वाढला.